सोसायटीचा फळा

गोदामाबाहेर एक फळा टांगलाय,
शाळेने टाकून दिलेला, एका कोपऱ्याला वाळवी लागलेला.
बाजाराच्या आदल्या दिवशी, ऊन माडांवर यायच्या आत
मी त्यावर वाडीवाडीची खबर लिहितो.
खडू दमट असतो. माघातलं दव
पत्र्यावरून अजून टिपकत असतं.

आज लिहिलं:
हापूसला दुसरा मोहोर आला. पहिला भुरीने नेला, त्याचं सुतक पुरे.
फुलं उघडी आहेत तोवर फवारा नको,
मधमाशी म्हणजे तुडतुडा नव्हे.
कुळीथ उपटायला झाला. पहाटे उपटा, दवात.
ऊन चढलं की शेंगा तडकतात
आणि अर्धं पीक मुंग्यांचं.
काजूचा दर विचारू नये, व्यापारी अजून उठलेला नाही.
पुढच्या ओळीत नुसतं 'वांदर' लिहिलं.
बाकीचं सगळ्यांना ठाऊक आहे.

फळा लहान. काही मावत नाही,
काही मावलं तरी लिहायचं नसतं.
खालच्या वाडीत पुनवेच्या उधाणाने
खारबंदिस्तीला भगदाड पडलं,
दामू हातणकरच्या वालात खारं पाणी बसलं.
पानं कडेकडेने करपत चाललीत.
म्हणाला, एवढं लिहू नको,
रविवारी पोरीला बघायला येतायत.
रशिदा मुकादम मात्र हाक मारून सांगते,
मुळा कोपराएवढा झालाय, लिहा, फुकट न्या म्हणावं,
पाला तेवढा परत आणा. बकरी वाट बघते.

मी शाळेत शिपाई होतो, घंटा द्यायचो.
पण माझे ऱ्हस्व-दीर्घ पक्के,
बत्तीस वर्षं दाराबाहेर उभा राहून ऐकलेले.
फळ्यावर कुणी चुकीचं खरडलं
तर पुसून नीट लिहितो, मग ते सरपंचाचं असो.

तळाला पाण्याच्या पाळ्या असतात.
वरच्या ओहोळावर सिमेंटच्या गोणींचा बंधारा,
पोटात वाळू, फटीत चिखल आणि पेंढा.
सोमवार शिगवण, मंगळवार गुरव, बुधवार मी.
यंदा शिवरात्रीच्या आधीच पाट बारीक झाला,
मनगटाएवढा, मग दोन बोटं.
भाताच्या कोपऱ्यात माझे कलिंगडाचे दोनशे आळे,
फळं मुठीएवढी, दुपारी वेल मान टाकतात.
बुधवार ते बुधवार फार लांब पडतो.
हे मी फळ्यावर लिहिलं नव्हतं.
कुणाला बोललोही नव्हतो.

शिगवणाशी माझं बोलणं सात वर्षं बंद.
बांधावर माझा फणस, त्याची सावली त्याच्या वाफ्यात.
फांदी तोड म्हणाला होता,
मी तोडली नाही.
तेव्हापासून तो दिसला की मी चप्पल बघतो,
तो आभाळ.

तर आज, पाळ्या लिहायला खाली वाकलो
आणि सोमवारपुढचं 'शिगवण' खोडलेलं.
शेजारी कोळशाने, वाकडंतिकडं:
'सोमवारची पाली भिकाजीला.
आमचा कांदा निगाला.'

पाली. मी एकटाच हसलो.
सोमवारी घरात किती पाली सोडणार हा माणूस?
ओलं फडकं हातात घेतलं.
मग आठवलं, काल संध्याकाळी
त्याच्या वाफ्यावरून आलो होतो मी.
कांद्याची मान अजून उभी होती,
पात हिरवीगार. मान पडल्याशिवाय
कांदा कोण काढतो?
पंधरा दिवस तरी त्याला पाणी लागणार.

फडकं तसंच पिळून खिळ्याला अडकवलं.
ती अक्षरं राहिली, 'ल'सकट.

वाळवीच्या कोपऱ्यापाशी चार बोटं जागा होती.
खडूचं नखाएवढं टोक उरलं होतं, त्याने लिहिलं:
बांधावरच्या फणसाला कुयऱ्या धरल्यात.
ज्याला भाजीला हव्यात त्याने
खालच्या फांदीच्या न्याव्या.
कोयता लागला तर पडवीत आहे.